बंद पडलेली भाऊबीज

कोसाड, सुरत
८ सप्टेंबर १९९५

ती. ताराआत्यास,
वर्षाचा सा. नमस्कार.

चार महिने पत्र नाही आणि आता एकदम जाडजूड पाकीट, म्हणजे काहीतरी झालंय हे तू उघडण्याआधीच ओळखलं असशील. झालंय. आप्पांच्या पोटात गाठ निघाली आहे, मोठ्या आतड्यात. पावसाळ्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं. मी आपली सुरतेच्या पाण्याला नावं ठेवत होते. शेवटी ह्यांनी मिलमधून सुट्टी काढली आणि बळेच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. मध्येच आतडं बंद झालं तर माणूस वाचवणं कठीण होईल.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "दिवाई व्हई जाऊ दे, मंग दखू."

दिवाळीला दीड महिना आहे, आत्या. आणि हा माणूस दिवाळीचा एवढा कधीपासून झाला? आई होती तेव्हाही दिवाळीत हे कोपऱ्यात बसून बिड्या ओढायचे. मी विचारलं, ऑपरेशनला भिता का? नाही म्हणाले. माझ्यावर भार नको म्हणून का? त्यालाही नाही. मला आठवा महिना चालू आहे हे खरं. तारीख ऑक्टोबरच्या शेवटाची दिली आहे. चंचल दोन वर्षांची झाली आणि तिला दिवसभर एकच धंदा, जे दिसेल त्याच्याकडे बोट करून "आ शुं छे?" शेजारच्या गुजराती पोरांत राहून हेच पहिलं शिकली. आप्पांची पेज, तिचा वरणभात, ह्यांचा डबा असं करता करता माझं जेवण राहून जातं. पण भार म्हणशील तर तो दिवाळीच्या आधी काय आणि नंतर काय, सारखाच. उलट नंतर हातात तान्हं असेल.

तू त्यांची सख्खी बहीण. सांग, त्यांच्या मनात काय आहे? मला राहवत नाही, आणि नुसती चौकसपणाची हौस म्हणून विचारत नाही. दिवस जात आहेत.

तुझी,
वर्षा


अमळनेर
१३ सप्टेंबर १९९५

चि. सौ. वर्षास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चष्मा पुसून परत वाचलं. चौतीस वर्षं शाळेत पोरांचे प्रश्न ऐकले, पण तुझ्याइतके प्रश्न एका कागदावर कुणी घातले नव्हते. लहानपणीही तू अशीच. गायीला वरचे दात का नाहीत म्हणून तू मला अख्खी दुपार छळलं होतंस.

भाईदासाचं मला तरी सरळ दिसतं. नातवंडाचं तोंड बघायचं आणि मग टेबलावर चढायचं. ऑपरेशनमधून परत येऊ की नाही अशी धास्ती असेल, पण ती तोंडाने कबूल करणार नाही. लहानपणी काटा रुतला तरी लंगडत चालायचा आणि विचारलं तर म्हणायचा, पाय झोपला. तेव्हा त्याला सांग, बाळ कुठे पळून जात नाही. आणि गोपालरावांना म्हणावं, सासऱ्यापुढे जरा आवाज चढवला तरी चालेल, माझी परवानगी आहे.

तू मात्र जेवत जा. उभ्या उभ्या खाल्लेलं अंगाला लागत नाही. यंदा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आहे. तुमच्या तिथल्या बायका तुला चाकू धरू नको, बाहेर पडू नको म्हणतील. मी आयुष्यभर फळ्यावर ग्रहणाच्या आकृत्या काढल्या, मला त्याचं काही नाही. पण त्या निमित्ताने दिवसभर आडवं व्हायला मिळत असेल तर तू अवश्य ग्रहण पाळ.

एक मात्र विचार त्याला. दिवाळी म्हणजे नेमका कोणता दिवस? चार दिवसांची असते ती.

तुझी आत्या,
तारा


कोसाड
२७ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझा अंदाज चुकला. आता ऐक, मी काय काय गोळा केलंय.

दिवस विचारला तर उठून गॅलरीत गेले. पण स्वयंपाकघराच्या दाराला वाण्याकडचं कॅलेंडर आहे, त्यावर पेन्सिलीचा गोल सापडला. लक्ष्मीपूजनावर नाही, पाडव्यावर नाही, भाऊबीजेवर. चंचल असल्या कामात पटाईत, म्हणून आधी तिच्यावर संशय घेतला. पण तिचा हात तिथवर पोचत नाही.

दुसरं. माझ्या तपासणीला आप्पा हट्टाने सोबत आले. स्वतःला चालताना धाप लागते, तरी आले, आणि माझ्या बाळंतपणाचं नर्सला विचारतात, "बेन, भाईबीजना दिवसे थई जाय के?" ती हसली. म्हणाली, "काका, आ बस नथी के टाइमटेबल होय." आप्पा हसले नाहीत.

तिसरं मला प्रमिलाबाईने सांगितलं. खालच्या मजल्यावर राहते, शिरपूरकडची आहे, वस्तीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. आप्पा तिच्याकडे जाऊन विचारून आले की, अमुक दिवशीच मूल व्हावं असं काही औषध असतं का, आणि आधी होऊ लागलं तर थोपवता येतं का. तिने त्यांना चांगलंच झापलं.

म्हणजे त्यांना नुसतं नातवंड बघायचं नाही. ते भाऊबीजेलाच व्हायला हवं आहे. का?

आणि चौथं. परवा घट बसले. मी घटाला झेंडूची माळ आणली. आईच्या हयातीत आमच्याकडे घटाला झेंडू कधी नव्हता, तिळाची नाहीतर शेवंतीची फुलं असायची, मी समजायची आपली रीतच तशी. आप्पांनी ती माळ उचलली, तीन मजले उतरून कचऱ्यात टाकून आले, आणि वर येऊन जिन्यात बसले ते घामाघूम. मी रागावले. ते म्हणाले, "ती फुलं नको आणत जाऊ, माय." एवढंच.

आत्या, हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की तू भाऊबीजेला आमच्याकडे कधीच आली नाहीस. राखीला यायचीस, संक्रांतीला यायचीस. मी लहानपणी आईला विचारलं होतं तर ती म्हणाली, आपल्यात नसते. आपल्यात का नसते?

उलट टपाली उत्तर दे.

वर्षा


(पोस्टकार्ड)

कोसाड, ७ ऑक्टोबर

आत्या, दहा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तू बरी आहेस ना? काल दुपारी आप्पांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या झाल्या. दवाखान्यात सलाईन लावून परत आणलं. डॉक्टर चिडले आहेत, म्हणाले, पुढच्या वेळी नुसतं सलाईन पुरणार नाही. आप्पा म्हणतात, "अडीच आठवड्यास्ना तर प्रश्न शे." परवा चांदनी पडवो. अख्खं सुरत घारी खाईल. दरवर्षी चार घाऱ्या एका बैठकीत संपवणारा माणूस यंदा मिठाईच्या दुकानाकडे मान वळवत नाही. माझे पाय सुजले आहेत. मला भीती वाटते, आत्या. लिही. — वर्षा


अमळनेर
८ ऑक्टोबर

चि. वर्षास,

तुझं सत्तावीसचं पत्र आठवडाभर उशाशी आहे. तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. मी लहान मुलांना सांगायची, उत्तर येत असून न लिहिणाऱ्याला शून्य. ते शून्य आज माझं.

तुला आणखी एक काका होता. आनंदा. मी तेरा वर्षांची, भाईदास दहाचा आणि आनंदा सहाचा. बोरी नदीच्या काठी आपल्या शेताच्या बांधावर झेंडू लावलेला असे. त्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी मी ताट मांडलं. ताटात फुलं नव्हती. आनंदा फुलं आणायला बांधावर गेला आणि त्याला साप चावला. रात्र व्हायच्या आत गेला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण आपल्यात बंद पडतो. मग करायचा नाही, पिढ्यान् पिढ्या नाही. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं तरच सुटतो. तुझ्या आईने तुला हे सांगितलं नाही कारण सांगायला गेलं की आनंदाचं नाव निघतं, आणि ते भाईदासासमोर कुणी काढत नाही.

आता कळलं ना तो कशासाठी अडून बसलाय? तुझी तारीख दिवाळीच्या आसपासची म्हटल्यावर त्याने मनाशी धरलं असणार की तुझ्या बाळाने आपली भाऊबीज सोडवावी. मी त्याला ओवाळावं. त्यासाठी तो आतडं फुटायची वाट बघत बसलाय.

आणि मला सगळ्यात जास्त रडू कशाचं आलं ते सांगते. त्याला अर्धाच नियम माहीत आहे. हे नियम बायका बायकांना सांगतात, पुरुषांच्या कानावर जाता येता पडेल तेवढंच. सण सुटायला मूल आपल्या आडनावाचं लागतं. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं मूल सासरचं. तुला भाऊबीजेला जुळी झाली तरी आमचा सण सुटत नाही. नाहीतर त्या दिवशी घरच्या गाईला वासरू झालेलं चालतं. आता हाऊसिंग बोर्डाच्या तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून चढवायची?

हे त्याला सांगू नकोस. मीही सांगणार नाही. एवढी एकच आशा धरून बसलाय, ती काढून घेतली तर तो ऑपरेशनला मुळीच तयार होणार नाही अशी मला भीती आहे. सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी घातली आहे, चिकटवून. त्यात नियमाबद्दल एक अक्षर नाही. जे आहे ते आमच्या दोघांतलं आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तरी सांगते, उघडू नकोस. त्याला एकट्याला वाचू दे. तिसरीपर्यंत शिकलाय, वेळ लागेल. घाई करू नकोस.

तारा


कोसाड
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

शेजारच्या ब्लॉकमधला वाल्मिक दिवाळीआधीच सुट्टी टाकून अमळनेरला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देते. हातात पडेल त्या दिवशी निघ. खाली लिहिलंय का ते.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तुझी चिठ्ठी मी उघडली नाही. उजेडाकडे धरून बघितली, ते कबूल करते. तू शाईचं पेन वापरतेस आणि कागद दुमडून घालतेस, काही दिसलं नाही.

आप्पांना दिली. ते गॅलरीत बसले आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. मी आत चकलीची भाजणी भाजत होते, दारातून बघत होते, आणि भाजणी करपली. पाऊण तास लागला त्यांना. संपल्यावर परत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चंचल जवळ गेली, कागदाकडे बोट करून म्हणाली, "आबा, आ शुं छे?" ते म्हणाले, "माझ्या बहिणीचं पत्र." मग तिला मांडीवर घेतलं आणि खूप रडले. आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पुढे झाले तर हाताने थांबवलं.

आज सकाळी पाच वाजता आंघोळ करून, पिशवी भरून दारात उभे. ह्यांना म्हणाले, "चाला जावईबापू, दवाखानाम्हा." हे ब्रश तोंडात धरून बघतच राहिले. भरती करून घेतलंय. ऑपरेशन सोमवारी सोळा तारखेला. कॅलेंडरवरचा गोल त्यांनी जाण्याआधी पुसला. कागदाचा तेवढा भाग काळपट झालाय.

आत्या, काय लिहिलं होतंस? मी विचारलं तर म्हणाले, तिला विचार. आता तूही सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. पण एवढं महिनाभर डॉक्टर, जावई, मी, प्रमिलाबाई ओरडून जे झालं नाही ते एका कागदाने कसं झालं, हे कळल्याशिवाय मला बाळंतपण काय सुचणार?

मला दवाखान्यात राहू देत नाहीत, नववा लागलाय. दिवाळीसाठी लूम बंद होत आले, वस्ती गावाकडे निघाली, हाताशी माणूस राहणार नाही. तू ये.

वर्षा


(ताराआत्याने गोपालच्या हाती पाठवलेली चिठ्ठी)

दवाखाना, सोमवार, सकाळी ९

वर्षा,
आत नेलं. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मी स्वतः करतेय, तेव्हा तुला काय सांगू.

नेण्याआधी मी त्याला ओवाळलं. काल तुझ्या घरून निघताना पिशवीत ताट घातलं होतं, ते तू बघितलंस आणि नशिबाने विचारलं नाहीस. दिवा लावू देईनात, ऑक्सिजनची नळी होती शेजारी. मग न पेटवलेल्या वातीनेच ओवाळलं. सुपारी आणि माझी अंगठी फिरवली. भाईदास म्हणाला, "बाई, आज भाऊबीज नई शे." मी म्हटलं, "म्हणूनच. बंद आहे ती भाऊबीज. सोमवार काही आपल्यात बंद पडलेला नाही." चौतीस वर्षं नियमात बसवून सुट्ट्या काढल्या आहेत मी, एवढं मला जमतं. नर्सने विचारलं, आजे शुं छे? मी म्हटलं, सोमवार छे. भाईदास हसला. टाके पडायच्या आधी जेवढं हसायचं तेवढं हसून घे म्हटलं.

तू जेव. चंचलला इकडे आणू नकोस.


(वर्षाचं उत्तर, त्याच कागदाच्या मागे)

आत्या, चंचलला झोपवलं. जेवले नाही, पण दूध प्यायले. तू ओवाळलंस आणि मी तिथे नव्हते याचं मला फार वाईट वाटतंय. हे परत येताहेत, त्यांच्याबरोबर पोळी-भाजी देते. झालं की लगेच कळव, चिठ्ठी नको, ह्यांनाच पळत पाठव.


दुपारी ३

गोपालराव पळणार नाहीत, त्यांचे गुडघे मी बघितले आहेत, म्हणून चिठ्ठी. गाठ काढली. शुद्धीवर यायचाय. डॉक्टर म्हणाले, आतडं जवळजवळ बंद झालं होतं, आणखी चार दिवस काढले नसते. गाठ तपासायला पाठवली आहे, ती कशी आहे ते पंधरा दिवसांनी कळेल. आज तो जिवंत आहे. आता तरी जेव.


कोसाड, सुरत
२० नोव्हेंबर १९९५

ताराबाईस,
भाईदासाचा नमस्कार.

मी आजवर कोणालाच पत्र लिहिलं नाही. चुकलं तर समजून घे. रोज चार ओळी लिहितो, आज सहावा दिवस.

तू गेल्यावर घर रिकामं झालं. टाके सुकले. गाठ वाईट होती असं डॉक्टर म्हणाला, पण पसरलेली नाही म्हणतो. दर महिन्याला सुई घ्यायची आहे. मी सगळ्या घेणार आहे. खिचडी खातो. वर्षा आणि बाळ चांगले आहेत. बाळ माझ्या शेजारी झोपतं. चंचल त्याला बोटाने टोचून विचारते, आ शुं छे. मी सांगतो, तुझा भाऊ. दुसऱ्या दिवशी परत विचारते.

भाऊबीज तशीच गेली. बाळ नंतर आलं, साध्या मंगळवारी. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतीस, मला कळलं. मला काही वाटलं नाही. तू मला आधीच ओवाळलं होतंस.

आता ते लिहितो.

तू चिठ्ठीत लिहिलंस, "फुलं आणायला मी तुला पाठवलं होतं, आनंदाला नाही. तू विटीदांडू खेळत होतास म्हणून त्याला धाडलंस. तो जाताना मला सांगून गेला, दादानं धाडं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही. आणि मी तुझ्यावर कधीच रागावले नाही, तू दहा वर्षांचा होतास."

बाई, मला वाटायचं कोणालाच माहीत नाही. तू राखीला यायचीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत नव्हतो. मला वाटायचं, हिला कळलं तर ही येणार नाही. आणि तू सगळं माहीत असून अठ्ठेचाळीस वर्षं येत होतीस. चिठ्ठी वाचून मला जगावंसं वाटलं. म्हणून दवाखान्यात गेलो.

बारशाला नाव ठेवायचं होतं. वर्षा म्हणे, आनंदा ठेवू, तुम्हाला बरं वाटेल. मी नको म्हटलं. आनंदाचं नाव त्याच्याकडे राहू दे. ह्या पोरावर माझं काही नको. पराग ठेवलं.

वर्षा रोज विचारते, आत्यानं काय लिहिलं होतं. आधी तुझ्याकडे बोट दाखवायचो. आता मी ठरवलंय, हे पाकीट चिकटवणार नाही. उघडंच तिच्या हातात देतो, पोस्टात टाकायला. ती वाचेल. वाचून झालं की माझ्याकडे येईल, तिला आणखी विचारायचं असेल. मी गॅलरीत बसलोय.

तुझा भाऊ,
भाईदास